माई कीर्तनाहून येईपर्यंत

मार्तंड आजगावकर जन्मापासून अंधेरीत राहिला, तिथेच शिकला, तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटला, आणि तरी त्याच्याविषयी सांगण्यासारखं कुणापाशी काही नव्हतं. गरीब गाय, एवढंच लोक म्हणत. बारा महिने काखेत छत्री. ऊन असो, पाऊस असो, की दोन्ही नसो. रांगेत कुणी पुढे घुसलं की हा आपणहून मागे सरकायचा. आईच्या शब्दाबाहेर नाही, बायकोच्या नाही, मॅनेजरच्या तर नाहीच नाही. कोठारात मात्र तो राजा होता. शंभर डबे पुढे ठेवा, झाकण न उघडता नुसत्या वासावरून कुठलं वॉर्निश आणि कुठलं टर्पेंटाइन ते सांगेल. पण ह्या गुणाचं कौतुक करणार कोण? त्याच्या घरच्या खिडक्यांना रंग द्यायचा झाला तरी सल्ला रंगाऱ्याचा घेत.

आता असला माणूस एका रविवारी, तोही रामाच्या नवरात्रात, छत्रीत डुकराचं मांस घालून खाडी ओलांडून घरी येतो, म्हणजे काय म्हणायचं ह्याला? पण आला. चांगला शीळ घालत आला. का आला ते ऐका.

त्याच्या लग्नाला चौदा वर्षं होत आली होती. बायको वनमाला, माहेर आरोंद्याचं. बोलायला तिखट आणि हसायला लागली की थांबायची नाही. मधे एकदा आशा लागली होती आणि तिसऱ्याच महिन्यात मावळली होती. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. पुढे सासूने नवस बोलायचे सोडले, शेजारणींनी विचारायचं सोडलं, आणि अशा वेळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वनमालाला दिवस गेले. त्या दिवशी मार्तंड कारखान्यात जाताना छत्री घरीच विसरला, ह्यावरून काय ते समजा.

पण आनंद आठवडाभरही टिकला नाही. वनमालाच्या पोटात काही म्हणता काही राहीना. मार्तंडाची आई, रत्नप्रभाबाई, ज्यांना सगळी आळी माई म्हणे, त्या हात धुऊन मागे लागल्या. आंबट वरण झालं, कैरीची डाळ झाली, सोलकढी झाली, गूळ घातलेली पेज झाली. जे आत गेलं ते उलट्या पावली बाहेर आलं. वनमालाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तिचं ते हसणं बंद झालं, आणि घरात नुसता स्टोव्हचा आवाज ऐकू यायला लागला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि मार्तंडाला अंगणात बोलावून सांगितलं, की चार-सहा दिवसांत बाई जेवायला लागली नाही तर हॉस्पिटलात हलवू, पण मग पोटातल्या जिवाची खात्री मी देत नाही. मार्तंडाने मान डोलावली आणि डॉक्टरांची बॅग फाटकापर्यंत पोचवली.

माईंची एक ठाम समजूत होती. गर्भारबाईला जे खावंसं वाटेल ते मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर मूल जन्मभर लाळ गाळतं. त्यांनी आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझ्या सुनेने तोंडातून शब्द काढायचा अवकाश, ती वस्तू मी तिच्यापुढे हजर करीन. पण सून शब्द काढील तर ना. काय हवंय विचारलं की काही नको माई, एवढंच, आणि भिंतीकडे तोंड.

शेवटी एका संध्याकाळी माई कीर्तनाला गेल्यावर मार्तंड तिच्या उशाशी जाऊन बसला. रामाच्या देवळात नवरात्राची कीर्तनं चालू होती आणि माई आरती झाल्याशिवाय परतत नसत. त्याने तिला विनवलं, काय खावंसं वाटतंय ते मला तरी सांग. वनमालाने भिंतीकडे तोंड केलं आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मार्तंड घाबरला. वाकून पाहतो तर बाई हसत होती.

"सांगितलं तर माई मला उद्याच्या गाडीने आरोंद्याला पोचवतील," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आरोंदा खाडीच्या अलीकडे, गोवा पलीकडे. तिच्या वडिलांचा पलीकडच्या काठावर कायतान नावाचा दोस्त होता. वडील लाकडाच्या कामाला होडीने पलीकडे जायचे तेव्हा लहानगी वनमाला हट्टाने बरोबर जायची. कायतानची बायको चुलीवर एकच मडकं चढवायची आणि त्यात सॉसेज आणि भात एकत्र शिजवायची. तिकडे त्याला चोरीस म्हणतात. डुकराचं मांस, मिरची, लसूण आणि ताडीचं व्हिनेगर आतड्यात भरून, गाठी मारून, धुरावर वाळवलेली माळ. भात लालभडक व्हायचा. ती पोटभर खायची, खाडीच्या पाण्याने चुळा भरायची, वासासाठी पेरूची पानं चावायची आणि घरी येऊन आईला सांगायची की कायतानकडे केळी खाल्ली. लग्न झाल्यावर तिने हे कुणाला सांगितलं नाही. आणि आता चौदा वर्षांनी, दिवसरात्र, डोळे मिटले की तिला तो भात दिसत होता. दुसऱ्या कशाचं नाव काढलं की मळमळत होतं.

"वाट लागली," मार्तंड म्हणाला.

वाट खरंच लागली होती. आजगावकरांकडे मासळी चाले, सणावाराला मटण चाले, पण डुकराचं नाव काढायची सोय नव्हती. माई तर नवरा गेल्यापासून मासळीलाही शिवत नसत, म्हणजे खात नसत, शिजवून घालायच्या. त्यात चैत्र, त्यात रामाचं नवरात्र. आणि गोवा अजून पोर्तुगीजांचा, त्याची हद्द बंद झालेली, तेव्हा आरोंद्याला तार करूनही काही यायचं नाही. मार्तंड रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी उठला तेव्हा मात्र त्याचं ठरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट कुणाला न विचारता ठरवल्यामुळे त्याला जरा चक्कर आल्यासारखं होत होतं.

कारखान्यात रंग घोटायच्या खात्यावर बस्त्याव नावाचा मनोरीचा माणूस होता. त्याच्या घरी सॉसेज करतात हे मार्तंडाला ठाऊक होतं, कारण डबा उघडला की बस्त्यावच्या जेवणाचा वास कोठारापर्यंत येई. पण विचारायचं कसं? मार्तंडाने आधी हवापाण्याचं विचारलं, मग खाडीच्या भरतीचं, मग डुकरांची तब्येत कशी आहे ते विचारलं. बस्त्याव त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने सरळ विचारलं, आजगावकर, तुला सॉसेज पायजे काय? मार्तंडाने आजूबाजूला पाहिलं आणि पाप कबूल करावं तशी मान हलवली. बायकोला दिवस आहेत म्हटल्यावर बस्त्यावने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की कोटावर हिरव्या रंगाचा पंजा उठला.

रविवारी मार्तंडाने माईंना सांगितलं की कारखान्यात स्टॉक मोजायचा आहे. हे त्याचं आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की तो स्वतःच चकित झाला. मालाडहून मार्व्याला, मार्व्याहून होडीने मनोरीला. पाणी चकाकत होतं, वारा कोटाच्या आत शिरत होता, आणि स्टॉक मोजायला निघालेला हा माणूस होडीच्या टोकाला बसून पाय हलवत होता.

बस्त्यावच्या बायकोचं नाव नातालीन. तिने चुलीच्या वरची दोरी दाखवली तेव्हा मार्तंड बघतच राहिला. लालकाळ्या गाठींच्या माळा धुरात लोंबत होत्या. तिने त्यांतली एक काढली, केळीच्या पानात गुंडाळली आणि करायचं कसं ते सांगायला बसली. तेल घालायचं नाही, मीठ घालायचं नाही. आतड्याची साल चिरून आतलं सगळं पातेल्यात मोकळं करायचं, ते आपल्याच चरबीत परतायचं, वर कांदा. कांदा मऊ झाला की धुतलेले तांदूळ, तांदळाच्या दुप्पट पाणी, झाकण, आणि मग हात लावायचा नाही. एवढंच. तुझ्यासारख्या पुरुषालाही जमेल, असं ती म्हणाली आणि नवराबायको दोघं पोट धरून हसली. मार्तंडही हसला. मग त्याने ते सगळं तिच्यापुढे पाढ्यासारखं म्हणून दाखवलं, तीन वेळा, कारण लिहून घ्यायची त्याला भीती वाटत होती.

एकाच भांड्यात होतं हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला होता. घरातल्या भांड्यांना हे लावायचं नाही एवढं त्याने ठरवलंच होतं, तेव्हा बाटवायचं ते एकच बाटवायचं. परत येताना त्याने बाजारातून एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेतलं आणि ते कागदात बांधून घेतलं. सॉसेजची पुडी छत्रीत घातली आणि छत्री मिटून काखेत धरली. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. माणसाला नव्हतं. मार्व्याच्या धक्क्यावरच एक कुत्रं त्याच्या मागे लागलं ते बसच्या पायरीपर्यंत आलं. अंधेरीला उतरल्यावर दुसरं लागलं. हे चिवट निघालं. मार्तंड थांबला की ते थांबे आणि छत्रीकडे बघत बसे.

आणि घराच्या फाटकाशी समोरून माई. हातात टाळ, कपाळाला गंध, कीर्तनाला निघालेल्या. त्यांनी विचारलं, स्टॉक मोजून झाला का. झाला, म्हणाला. हे कुत्रं का लागलंय तुझ्यामागे? ओळखीचं आहे, म्हणाला. माईंनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि उशीर होत होता म्हणून पुढे गेल्या. मार्तंडाने फाटक लोटलं, आणि एकाएकी त्याला असं हसू फुटलं की तसाच हसत तो आत गेला.

आता वेळ कमी होता. कीर्तन संपून आरती होऊन माई परत यायच्या आत भात शिजला पाहिजे, वनमालाने खाल्ला पाहिजे, पातेलं घासून माळ्यावर टाकलं पाहिजे आणि वास गेला पाहिजे. त्याने स्टोव्ह उचलून मागच्या पडवीत नेला. रॉकेलच्या वासाने वनमालाला उलटी व्हायची, म्हणून तिला त्याने पुढच्या खोलीत खिडकीशी निजवलं आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली. ती आतून ओरडून विचारत होती, अहो, मी सांगू का काही? हा ओरडून उत्तर देत होता, काही नको, मला सगळं पाठ आहे.

स्टोव्ह पहिल्यांदा पेटला तो मार्तंडाच्या भुवईसकट. दुसऱ्यांदा बरा पेटला. साल सोडवताना त्याची बोटं लाल झाली, कांदा चिरताना डोळ्यांतून धारा लागल्या, पण पातेल्यात ते मांस चुरचुरायला लागलं आणि त्यातून लाल तेल सुटायला लागलं तेव्हा ह्या माणसाला काय झालं कोण जाणे, तो चक्क पडवीत गिरकी घेऊन नाचला. लसणीचा, मिरचीचा, व्हिनेगरचा वास उठला. भिंतीपलीकडून शेजारीण प्रेमा हिने विचारलं, वहिनी, काय करताय हो, खमंग वास येतोय. वनमालाने आतून सांगितलं, मी नाही, हे करतायत. त्यावर भिंतीपलीकडे एक भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

आणि इथे मार्तंडाने घोटाळा केला. कोठीत तांदळाचे दोन डबे होते. एकात बारीक पांढरा तांदूळ, दुसऱ्यात जाडा, तांबूस. बायकोला विचारलं असतं तर? पण नाही. स्टोअरकीपर ना हा. त्याने दोन्ही डबे उघडले, दोन्ही हुंगले, चिमूट चिमूट तळहातावर घेऊन उजेडात पाहिले आणि विचार केला, की हा बारीक दिसतोय अशक्त, हा जाडा कसा दणकट आहे, गर्भारबाईला हाच बरा. धुतला, पातेल्यात टाकला, दुप्पट पाणी मोजून घातलं, झाकण ठेवलं आणि हात झटकून पडवीच्या पायरीवर बसला. झकास काम झालं होतं. आता हात लावायचा नाही, असं नातालीनने सांगितलं होतं, तेव्हा त्याने लावला नाही.

बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. वनमाला दार धरून उभी होती. पंधरा दिवसांत आधाराशिवाय न उठलेली बाई वासाच्या मागे उठून आली होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मार्तंड पायरीवरून उठला. तिला भूक लागली होती. तिने पुढे होऊन झाकण उचललं, एक शीत बोटांत धरून दाबलं, तोंडात टाकलं आणि कडकन चावलं.

"अहो," ती म्हणाली, "हा उकडा आहे."

उकडा म्हणजे कोकणी घरातला पेजेचा तांदूळ. त्याला बारीक तांदळाच्या दुप्पट पाणी लागतं आणि वेळ तर विचारूच नका. पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं. तळाशी लागायला सुरुवात झाली होती आणि वर शीत न् शीत खड्यासारखं. मार्तंडानेही एक घास तोंडात टाकून पाहिला, चावला, आणि आपण काय खाल्लं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. वनमाला हसायला लागली. इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण भूक खरी होती. ती म्हणाली की असाच वाढा, चावून चावून खाईन. हा म्हणाला की नको, पोटात दुखेल. आणि त्या घोळात फाटकाची कडी वाजली.

माई नेहमी पुढच्या दाराने यायच्या. आज त्या वासाच्या मागावर थेट मागे आल्या. मार्तंड स्टोव्हपुढे आडवा उभा राहिला, हातात डाव, एक भुवई जळालेली. माईंच्या हातात प्रसादाची पुडी होती. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं.

"काय शिजतंय?"

मार्तंडाकडे खोटं तयार होतं. कारखान्याचं सँपल आहे, रंग उकळतोय, असं तो म्हणणार होता, आणि एवढ्या एका दिवसात तो खोटं बोलण्यात बराच तरबेज झाला होता. पण त्याने बायकोकडे पाहिलं. माईंनी हे पातेलं उचलून विहिरीपलीकडे भिरकावलं तर उद्या हॉस्पिटल, आणि परवा काय ते त्याला डोळ्यांपुढे आणवेना. त्याच्या मनात भीती होती, पण त्याहून जास्त काहीतरी होतं.

"सॉसेज आहे, माई. डुकराचं. मनोरीहून आणलं. तिला तेच खावंसं वाटत होतं, दुसरं काही नको होतं." मग जरा थांबून म्हणाला, "भांडं नवीन आहे. घरातलं काही बाटवलं नाही."

वनमाला पदराचं टोक चुरगाळत बसली होती. माईंनी तिच्याकडे पाहिलं, कोपरापर्यंत सरकलेल्या तिच्या बांगड्यांकडे पाहिलं.

"तुला भूक लागलीय?" त्यांनी विचारलं.

"हो," वनमाला म्हणाली. "खूप लागलीय, माई."

महिनाभर त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. माईंना एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा त्यांना भयंकर राग आला. त्यांनी प्रसादाची पुडी मार्तंडाच्या हातात कोंबली, पदर खोचला आणि स्टोव्हपुढे पाट ओढून बसल्या. पदराने झाकण उचललं. पातेल्यात एकदा डोकावल्या.

"हा उकडा आहे, गाढवा."

मार्तंडाने सांगितलं की आता कळलं. माईंनी विचारलं, ह्याला पाणी कोण घालणार, तुझा मॅनेजर? मग मात्र हुकूम सुटायला लागले. शेजारून निखारे आण. पाणी उकळून आण, गार ओतशील तर मोडीन हात. स्टोव्ह बारीक कर. त्यांनी आधणाचं पाणी कडेकडेने सोडलं, तळाशी लागलेलं हलक्या हाताने सुटं केलं, झाकणावर निखारे ठेवले आणि मधून मधून नुसतं नाक पुढे करून अंदाज घेत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्या मासळी अशीच करत आल्या होत्या, चव न बघता, मीठमसाल्याचा अंदाज नुसत्या वासावरून. मार्तंडाचं नाक कुठून आलं ते इथे समजावं. एकदा त्यांनी मान वळवून म्हटलं, लसूण बरी घातलीय मेल्यांनी. आणि पुन्हा राग आल्यासारखं तोंड केलं.

भात झाला. शीत न् शीत मोकळं, लाल, वर तेलाची चकाकी. माईंनी केळीचं पान मागवलं, स्वतःच्या हाताने वाढलं आणि पान वनमालापुढे सरकवून समोर बसल्या. पहिला घास गेला. मार्तंड मोरी किती लांब आहे ते बघत होता. दुसरा गेला. वनमालाने डोळे मिटले. तिसऱ्या घासानंतर तिने बघणं-बोलणं सोडलं आणि नुसती जेवत सुटली. घाम फुटला, नाक गळायला लागलं, ती थांबेना. पान पुसून खाल्लं आणि पान पुढे केलं. माईंनी पुन्हा वाढलं. मग तिघंही वाट पाहत बसले, आता येईल, मग येईल. काही आलं नाही. वनमालाला एक मोठी ढेकर आली आणि तिने लाजून तोंडावर हात ठेवला. मार्तंडाला काय करावं ते सुचेना म्हणून त्याने आईला वाकून नमस्कार केला. माई म्हणाल्या, शिवू नकोस, अंगभर वास मारतोय तुझ्या.

त्यांना आता आंघोळ करायला हवी होती. मार्तंडाने विहिरीचं पाणी काढून बादली भरून ठेवली. माई विहिरीच्या कठड्यापाशी येऊन दगडावर बसल्या, पण तांब्या उचलीनात. मार्तंड उभा राहिला. अंधार पडला होता, पडवीतल्या कंदिलाचा उजेड विहिरीपर्यंत येत होता, आणि आतून वनमाला काहीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता.

"तुझ्या वेळी मला पाव खावासा वाटायचा," माई म्हणाल्या.

मार्तंडाला आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या साली नाक्यावर इराण्याचं दुकान नवीनच निघालं होतं. पहाटे भट्टीचा वास घरापर्यंत यायचा आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मस्का लावलेला गरम पाव, एवढंच. पण पाव म्हणजे बाटणं. त्यांच्या सासूबाई सांगायच्या, की विहिरीत पाव टाकून फिरंग्यांनी गावंच्या गावं बाटवली. पाव ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

"मग मागितला नाहीस?"

"कुणाकडे? मला विचारलं कुणी?"

त्यात तक्रार नव्हती. त्या बादलीतल्या पाण्याकडे बघत बोलत होत्या. मार्तंडाने विचारलं की नंतर तरी कधी का नाही खाल्लास, आता तर घरोघरी खातात. त्या म्हणाल्या, नंतर कशाला? नंतर काय डोहाळे असतात? आणि तांब्या उचलला. मार्तंड वळून चालायला लागला. त्यांनी विचारलं, कुठे निघालास. तो म्हणाला, इराण्याकडे. ह्या वयात आता मला पाव चारतोस का, असं काहीसं त्या पुटपुटल्या, आणि तांब्या हातातच राहिला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, लुगड्यावर उडालेल्या लाल शिंतोड्यांकडे पाहिलं.

"आंघोळ करायचीच आहे नाहीतरी," त्या म्हणाल्या. "एका पाण्यात दोन्ही निघतील. आण जा. पळत जा पण, मला रामरक्षा म्हणायचीय."

मार्तंड आजगावकर पळाला. रस्त्यातल्या लोकांनी वाट दिली, कारण त्याला पळताना कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना वाटलं कुठेतरी आग लागली. परत आला तेव्हा कागदाच्या पुडीत दोन पाव होते, मधे मस्का वितळत होता. वनमाला बाहेर येऊन सासूजवळ दगडावर बसली होती. माईंनी एक पाव उचलला, उलटसुलट करून पाहिला, कोपरा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. पाव संपला, बोटांचा मस्काही संपला.

"कसा आहे, माई?" मार्तंडाने विचारलं.

"तेव्हा आणखी चांगला लागला असता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा पाव उचलला.